गुरुवारचा मुलगा

आल्याआल्या तिने खाटेवरच्या रबरी पुतळ्याची चादर वर ओढली आणि त्याचे दोन्ही पाय उघडे केले. मग खुर्ची उशाशी सरकवून बसली, चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला.

“मावशी, पाय झाकलेले असू देत,” मोठ्या डॉक्टरीणबाई दारातून म्हणाल्या. “शिकणाऱ्यांचं लक्ष तिकडेच जातं.”

“जाऊ दे की. लक्ष द्यायलाच आलेत ना ते?”

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. आत येऊन खाटेच्या कठड्याला टेकल्या.

इस्पितळाच्या तिसऱ्या मजल्यावरची ही खोली वॉर्डासारखी मांडलेली होती. खाट खरी, सलाइनचा दांडा खरा. उशाशी नर्सला बोलवायची बेल होती, पण तिला तार नव्हती. एका भिंतीत काळी काच होती, तिच्यामागे बसून परीक्षक बघत. इथे येणारी मुलं आधीच डॉक्टर झालेली. आता व्यसनाचा रोगी ओळखायचा कसा आणि सावरायचा कसा, एवढंच शिकत होती. पुतळा म्हणजे पाय मोडून आलेला दारुडा मुलगा आणि ती त्याची आई. आईने त्याचं पिणं लपवायचं, डॉक्टरने ती गोष्ट तिच्याकडून काढून घ्यायची. तिचं सगळं काम एका कार्डावर लिहिलेलं होतं. तिला अक्षरं सहीपुरतीच येत, म्हणून नातीने ते दोनदा वाचून दाखवलं होतं. तिसऱ्यांदा वाचायची वेळ आली नाही.

“कार्डावर काय आहे?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

“पहिल्यांदा विचारलं की चिडायचं. दुसऱ्यांदा नाही म्हणायचं. खुर्ची जवळ घेऊन, आवाज उतरवून तिसऱ्यांदा विचारलं की सांगायचं.”

“आणि अकरा महिन्यांत तुम्ही एकदाही सांगितलेलं नाही. मुलं तुम्हाला हवालदारीण म्हणतात.”

“म्हणू देत. समोर तर एकाचीही छाती होत नाही.”

“मावशी, त्यांची परीक्षा असते हो. बरोबर विचारूनही तुम्ही तोंड उघडलं नाहीत की ती नापास होतात. आजही तसंच झालं, तर पुढच्या गुरुवारपासून मला दुसरी बाई बघावी लागेल.”

 तिने पुतळ्याच्या उशीवरची सुरकुती हाताने सपाट केली. सुरकुती पुन्हा उमटली.

डॉक्टरीणबाई काचेमागे गेल्या. खोलीत ती आणि पुतळा उरले.

नऊ वर्षांपूर्वी तिचा थोरला जिन्यावरून पडून, मांडीचं हाड मोडून इस्पितळात आला होता. डॉक्टर खाटेच्या पायथ्याशी उभा, हातात पेन. शेजारच्या खाटेची चार माणसं कान टवकारून बसलेली. “दारू घेतो का?” त्याने विचारलं. “आमच्या घरात थेंबाला कोणी शिवत नाही,” ती म्हणाली, आणि तेही मान ताठ करून. थोरल्याने एकदा तिच्याकडे पाहिलं, मग छताकडे. डॉक्टरने ‘नाही’ लिहिलं आणि पुढच्या खाटेकडे वळला. रोजची दारू एकाएकी तुटली की माणसाच्या आत काय होतं, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. थोरल्याला पाय झाकून झोप येत नसे, म्हणून ती रोज त्याचे पाय उघडे करी. तिसऱ्या दिवशी तो चादरीवरच्या मुंग्या वेचायला लागला. “आई, झटक ना गं,” म्हणाला. चादर पांढरीशुभ्र होती. ती झटकत राहिली. चौथ्या दिवशी खाट रिकामी झाली. मोडलेलं हाड अंगावर आलं, असं तिने घरी सांगितलं. घरात तिच्या शब्दापुढे कोणी जात नसे.

दार वाजलं. आत आलेल्या मुलीचं नाक सर्दीने लाल झालं होतं. एका हातात वही, दुसऱ्या हातात रुमाल.

“आजी, मी इथली डॉक्टर. बसू का?”

“बस की. खुर्ची काही मी माहेराहून आणलेली नाही.”

मुलगी बसली आणि शिंकली.

“स्वतःची सर्दी जाईना,” हवालदारीण म्हणाली, “आणि माझ्या मुलाला बरा करणार.”

“सर्दीवाल्यांचं खातं वेगळं, आजी. मला तिकडे घेतलं नाही.” मुलीने नाक पुसलं आणि वही उघडली. “तुमचा मुलगा दारू घेतो का?”

“आमच्या घरात थेंबाला कोणी शिवत नाही.”

आता खुर्ची पुढे येणार, आवाज उतरणार. अकरा महिने सगळ्यांचं असंच, घोकून आणल्यासारखं. ती वाट बघत राहिली.

“बरं,” मुलगी म्हणाली आणि लिहून घेतलं. मग वही मिटून उठली.

हवालदारणीने तोंड भिंतीकडे फिरवलं. पेनाचा तो आवाज तिच्या ओळखीचा होता.

मुलगी मात्र दाराकडे गेली नाही. खाटेला वळसा घालून पलीकडे गेली, पुतळ्याचा हात उचलला आणि त्याची रबरी बोटं एकेक करून सरळ केली.

“आजी, मी ‘नाही’ लिहिलंय. तरी दर चार तासांनी येऊन याचे हात बघणार. कापतात का, घाम येतो का, नसलेलं काही दिसतंय का. मी नसेन तेव्हा नर्स बघेल. तिला आत्ताच सांगून ठेवते.”

“मी नाही म्हटलं ना?”

“म्हटलंत की. माझी आईही नाहीच म्हणाली असती. म्हणून याला असंच सोडून द्यायचं का?”

 हवालदारणीचा तळहात चादरीवरून फिरत होता. एकदा, पुन्हा एकदा, काहीतरी झटकावं तसा. मुलीने त्या हाताकडे पाहिलं आणि पुतळ्याचा हात हळूच खाली ठेवला.

“मग तो का नाही आला परत, हात बघायला?” हवालदारीण म्हणाली.

“कोण, आजी?”

हवालदारणीने चष्मा काढून पदराने पुसला.

“सकाळी घ्यायचा,” मग म्हणाली. “दात घासायच्या आधी. हात इतके कापायचे की पेला मीच धरायचे.”

भिंतीवरचा स्पीकर खरखरला. “मावशी, कार्डावर तर संध्याकाळी—” एवढंच बोलून डॉक्टरीणबाई थांबल्या. स्पीकर बंद झाला.

मुलीने काचेकडे पाहिलं नाही. खाटेला वळसा घालून परत आली आणि खुर्चीत न बसता हवालदारणीसमोर उकिडवी बसली.

“शेवटची कधी घेतली त्याने?”

“पडला त्या सकाळी.”

“त्याला किती दिवस झाले?”

हवालदारणीने बोटं मोजली. अंगठ्यापाशी अडली, पुन्हा पहिल्यापासून मोजली.

“आज तिसरा.”

मुलगी उठली. उशाशी हात घालून तिने बेल दाबली आणि अंगठा तसाच दाबून धरला.

हवालदारणीने पुतळ्याच्या उघड्या पायांवर हात ठेवला आणि ती दाराकडे बघत बसली.