दोन बोटांची जागा

“कात्री! आधी कात्री द्या!” डॉक्टरीणबाई ओरडल्या.

दवाखान्यातल्या मदतनिसाने, सगळे ज्याला पैलवान म्हणत त्याने, एका हाताने कुत्र्याला टेबलावर दाबून ठेवलं आणि दुसऱ्या हाताने ट्रेमधली कात्री पुढे सरकवली. डॉक्टरीणबाईंनी कुत्र्याच्या तोंडावरचं चामड्याचं मुसकं एका बाजूने टर्रकन कापलं. आतून जीभ बाहेर आली ती निळसर जांभळी. कुत्र्याने पाच-सहा वेळा मोठमोठा श्वास घेतला, जीभ हळूहळू गुलाबी झाली, आणि अंगात जरा जीव येताच त्याने पहिलं काम काय केलं, तर पैलवानाच्या बाहीचा लचका तोडला.

“काका, हे मुसकं कुठून आणलंत?”

“मी केलं,” मास्तर म्हणाले. “माप घेऊन केलंय.”

“माप बरोबरच असेल हो. पण तुम्ही त्याचं तोंड मिटूनच टाकलंत. कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही. जीभ बाहेर काढून धापा टाकतो, तेव्हा कुठे त्याचं अंग गार होतं. घाबरल्यावर तर जास्तच टाकतो. अजून दोन मिनिटं गेली असती तर इथेच संपला असता.”

मास्तरांनी कापलेलं मुसकं उचलून शिवण पाहिली. शिवण चांगली होती. त्यांनी ते पिशवीत ठेवलं. आपल्या हातून आत्ता एक कुत्रा मरता मरता राहिला, याचं काहीतरी वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. गेले चार महिने असंच चाललं होतं. बायको गेली त्या दिवशीही ते घरी येऊन गॅसचं बटण बंद आहे का ते बघत बसले होते.

मास्तरांची नोकरी होती मोठ्या इस्पितळाच्या तळघरातल्या कार्यशाळेत. पाय अधू असलेल्यांना लोखंडी कॅलिपर, कण्याच्या रोग्यांना पट्टे, मानेला कॉलर, असं चौतीस वर्षं त्यांनी माणसांना बांधून दिलं. सगळे त्यांना मास्तर म्हणत. नव्याने आलेल्या एका अधिकाऱ्याने मात्र ‘पट्टे करणारे’ ऐकलं आणि हे शिपाईच असणार असं समजून त्यांना चहा आणायला पिटाळलं. मास्तर गेले, चहा घेऊन आले, वर साखर हवी का म्हणूनही विचारलं. नाकासमोर चालणारा माणूस. साहेबाने उभं राहा म्हटलं तर हा बसा म्हणेपर्यंत उभा.

बायकोने कुत्र्याचं नाव साहेब ठेवलं ते त्यावरूनच. “तुम्हाला साहेबाशिवाय करमत नाही ना,” ती म्हणायची, “म्हणून घरातच आणलाय एक.” साहेब तिचा होता. मास्तरांना तो चौदा वर्षं फक्त सहन करत आला, आणि ती गेल्यापासून तेही त्याने सोडलं. जेवायचा, खाली फिरायला यायचा, पण हात लावला की दात.

त्यातून त्याचा डावा कान पिकला. आत खोलवर पू झालेला. रोज धुऊन औषध घालायला हवं, पण धुऊ कोण देतो? बाजारातल्या मुसक्यांचा पट्टा नेमका कानाच्या मागून जातो, म्हणजे दुखण्यावरच. तो आवळला की साहेब किंचाळून टेबलावरून उडी टाकायचा. म्हणून मास्तरांनी स्वतः मुसकं शिवायचं ठरवलं होतं. माप घेतलं ते साहेब गाढ झोपलेला असताना, दोऱ्याने. त्यांच्या धंद्यात माप घेताना रोग्याने हलायचं नसतं, आणि पट्टा जेवढा अंगाला चिकटून बसेल तेवढा कारागीर चांगला. चूक झाली ती इथेच.

डॉक्टरीणबाईंनी हात धुतले. ते पुसत त्या मास्तरांकडे वळल्या.

“काका, स्पष्टच सांगते. कान आतून सडत चाललाय. त्याचं हृदय बघता रोज भूल देता येणार नाही. एकदासुद्धा द्यायची मला भीती वाटते. आणि शुद्धीवर असताना तो हात लावू देत नाही. असंच राहिलं तर वेदनेने वेडा होईल तो. तुमच्या मुलीचा फोन आला होता मला. तिचंही म्हणणं पडलं की इंजेक्शन देऊन त्याला शांतपणे कायमचं झोपवावं. मलाही आता तेच बरं वाटतं.”

एरवी मास्तर ‘बरं’ म्हणून उठले असते. ते उठलेही. दारापर्यंत गेल्यावर त्यांना आपलाच आवाज ऐकू आला.

“आठ दिवस द्या.”

“आठ जास्त होतात काका. गोळ्या वाढवून देते. सहा दिवस.”

“बरं,” मास्तर म्हणाले.

त्याच संध्याकाळी ते साहेबाला घेऊन जिना उतरले आणि चढले. तीन मजले, तीन वेळा. उघड्या तोंडाचं माप हवं तर साहेबाने धापा टाकायला हव्यात, आणि घरात बसून कोण धापा टाकतो? तिसऱ्या फेरीला दुसऱ्या मजल्यावरच्या शेजाऱ्याने दार उघडलं.

“काय मास्तर, चोर लागलाय की काय मागे?”

मास्तरांनी नुसता हात हलवला. साहेबापेक्षा त्यांनाच जास्त धाप लागली होती. वर आल्यावर त्यांनी साहेबाला न्हाणीघराच्या भिंतीशी उभं केलं. भिंतीवरच्या फरशीचा एक चौकोन पंधरा सेंटिमीटरचा होता. साहेब जीभ बाहेर काढून धापा टाकत होता, पाठीमागे चौकोन, आणि मास्तरांनी मोबाइलवर बाजूने फोटो काढला. हात न लावता माप मिळालं. नाकाच्या टोकापासून खालच्या जबड्यापर्यंत, तोंड मिटलेलं असताना होतं त्याच्या दुप्पट.

मग दोन दिवस ते कामात होते. ओल्या प्लास्टरचा गोळा तासून त्यांनी त्या मापाचा जबडा घडवला. जुन्या कार्यशाळेतल्या माणसाकडून प्लास्टिकचा पत्रा आणला, त्याच्या पट्ट्या कापल्या, स्वयंपाकघरातल्या ओव्हनमध्ये मऊ केल्या आणि प्लास्टरवर आडव्या-उभ्या बसवून टोपली केली. आत साहेबाला तोंड उघडता यावं, जीभ काढता यावी, पाणीसुद्धा पिता यावं, पण दात बाहेर पोचू नयेत. राहिला पट्टा. कॅलिपर करताना त्यांचा एकच नियम असायचा: दुखऱ्या जागी भार द्यायचा नाही, तो शेजारच्या धडधाकट हाडावर घ्यायचा. त्यांनी कानामागचा पट्टाच काढून टाकला. एक पट्टा नाकावरून कपाळाच्या मधोमध वर नेला, एक हनुवटीखालून मागे आणला आणि दोन्ही गळ्यातल्या रुंद पट्ट्याला बक्कल लावून अडकवले. कान मोकळा राहिला.

पण आता सगळा भार नाकावर येत होता.

रविवारी मुलगी आली. दर रविवारी यायची, आठवड्याची भाजी आणायची, फ्रीज आवरायची. तिच्याकडे घराची किल्ली होती. आत आली तर वडील खुर्चीत ताठ बसलेले, नाकाच्या हाडावर प्लास्टिकची पट्टी, पट्टीला दोन पट्टे, ते डोक्यामागे बांधलेले, आणि समोर घड्याळ.

“अगंबाई! बाबा, हे काय?”

“तपासतोय. बोलायला लावू नकोस, पट्टी हलते.”

ती हसत सुटली. आई गेल्यापासून त्या घरात कोणी एवढ्याने हसलं नव्हतं. “शोभतंय हो तुम्हाला. फोटो काढू का? आणि ओव्हनला कसला वास येतोय हा?”

“प्लास्टिक.”

“बाबा, त्या कुत्र्यापायी तुम्ही... डॉक्टर सांगतायत ना, ऐका की त्यांचं. तुम्हाला चावला म्हणजे? या वयात?”

मास्तरांनी घड्याळ बघितलं, पट्टी सोडली आणि कागदावर लिहिलं: बत्तीस मिनिटं, लाल. मग त्यांनी मान वर केली. मुलीचं हसू गेलं होतं. ती त्यांच्या नाकाकडे बघत होती. डोळ्यांच्या मध्ये, हाडावर, खोल लाल वळ उठला होता.

“आईला इथेच झालं होतं,” ती म्हणाली.

“इथेच.”

बायको अकरा दिवस इस्पितळात होती. श्वासासाठी तोंडावर घट्ट मास्क बांधलेला. तिसऱ्या दिवशी नाकाच्या हाडावरची कातडी सोलली. मास्तर भेटायला गेले की ती बोट उचलून नाकाकडे दाखवायची, बोलता तर येत नव्हतं.

“चार मिनिटांचं काम होतं,” मास्तर म्हणाले. पाढे म्हणावेत तशा आवाजात ते बोलत होते. “फोमचा तुकडा मधोमध चिरायचा, हाडाच्या दोन्ही अंगांना टेकू द्यायचा, हाड मोकळं ठेवायचं. हवा गळत नाही. शेकडो वेळा केलंय मी. चौथ्या दिवशी तुकडा कापूनही नेला होता. नर्स म्हणाली, काका, हात लावू नका. मी तो खिशात ठेवला.”

“मीही म्हणाले होते तुम्हाला. त्यांना त्यांचं काम करू द्या म्हणून.”

“तू नंतर म्हणालीस. नर्स आधी.”

“बाबा, मला काय माहीत! मला वाटलं, ती शिकलेली माणसं...”

“तुला नव्हतं माहीत,” मास्तर म्हणाले. “मला होतं. ती रोज बोट दाखवायची आणि मी म्हणायचो, आता काढतील हं. अकरा दिवस.”

मुलगी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसून हमसून हमसून रडली. मास्तरांनी तिला पाणी आणून दिलं. तिच्या डोक्यावर हात ठेवावा असं त्यांच्या मनात आलं, पण हात उचलला गेला नाही, ते तसेच पेला धरून उभे राहिले. जाताना ती म्हणाली, “किती दिवस उरलेत?” आणि ते म्हणाले, “तीन.” झोपवण्याचं तिने पुन्हा काढलं नाही.

त्यांनी नाकावरची पट्टी बदलली. मधोमध चिरलेला फोम, दोन अंगांना टेकू. स्वतःच्या नाकावर तासभर बांधून बघितलं, वळ उठला नाही. मग ते जमिनीवर बसले, टोपलीच्या तळाला कुस्करलेलं केळं फासलं आणि टोपली हातात धरून ठेवली. साहेबाने आधी पाठ फिरवली. दुसऱ्या दिवशी लांबून हुंगलं. तिसऱ्या दिवशी त्याने आपणहून तोंड आत घातलं आणि केळं चाटून खाल्लं, ते खाताना गुरगुरतही होता. मास्तरांनी घाईने एकदाच बक्कल लावलं, दहा मोजले आणि सोडलं.

सहाव्या दिवशी ते दवाखान्यात गेले. मुसकं नीट चढलं. पैलवानाने साहेबाला टेबलावर घेतलं आणि सवयीने पट्टा ओढून शेवटच्या भोकात अडकवायला गेला.

“तेवढं नको,” मास्तर म्हणाले. “तिसऱ्या भोकात.”

“सैल आहे काका. काढून टाकेल हा.”

“सैल नाही. दोन बोटं जाण्याइतकी जागा आहे. तेवढी लागते.”

“तुम्हाला सांगायला काय जातंय? सुटलं तर फाडेल मला, तुम्हाला नाही. मागच्या खेपेची बाही अजून शिवायची आहे.”

पैलवानाचं काही चुकत नव्हतं. रोज पाच-पंचवीस कुत्री धरणारा माणूस तो, दोन्ही हात चाव्यांच्या खुणांनी भरलेले. डॉक्टरीणबाई हातमोजे चढवत होत्या. “काका, तुम्ही बाहेर थांबा बरं,” त्या म्हणाल्या. “घरचं माणूस दिसलं की ही जास्त करतात. आमचं आम्ही बघतो.”

मास्तरांचे पाय आपोआप वळले. जन्माची सवय ती. दाराच्या कडीला हात लागला आणि मागे पट्टा करकचून ओढल्याचा आवाज आला. साहेब कळवळला.

मास्तर परत आले. त्यांनी बक्कल सोडलं, पट्टा तिसऱ्या भोकात लावला आणि आपली दोन बोटं पट्ट्याखाली, साहेबाच्या गळ्याशी सरकवली.

“माझी बोटं इथे राहतील,” ते म्हणाले. “सुटलं तर आधी मला चावेल.”

पैलवानाने डॉक्टरीणबाईंकडे बघितलं. त्यांनी मास्तरांकडे बघितलं, मग साहेबाच्या तोंडाकडे. टोपलीच्या पट्ट्यांमधून जीभ लोंबत होती, चांगली गुलाबी. त्यांनी दिव्याचा झोत कानाकडे वळवला.

“जीभ बघत राहा,” त्या म्हणाल्या. “रंग बदलला की सांगा.”

काम बराच वेळ चाललं. पू निघाला, रक्त निघालं, घाणेरडा वास सुटला. साहेबाने गुरगुरून खोली डोक्यावर घेतली, दोनदा उसळी मारली, पण मुसकं हललं नाही आणि त्याचा श्वासही अडला नाही. मास्तर वाकून उभे होते. गरम वाफा त्यांच्या मनगटावर येत होत्या. पट्ट्याखाली साहेबाची नाडी बोटांना लागत होती, जलद आणि जोरात. चष्म्याच्या काचा धुरकट झाल्या, त्या साहेबाच्या श्वासानेच झाल्या असतील असं त्यांना वाटलं. “झालं हं,” ते सांगत होते, “झालं, आता काढतो. मीच काढतो.” आपण मोठ्याने बोलतोय हे त्यांच्या लक्षात नव्हतं.

“आतला पडदा वाचलाय,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “असंच रोज धुतलं तर पंधरा दिवसांत कान बरा होईल. उद्या याच वेळेला या. काका, झालं. सोडा आता.”

त्यांना दुसऱ्यांदा सांगावं लागलं. मास्तरांनी बक्कल काढलं, मुसकं उतरवलं. साहेबाने त्यांच्याकडे बघून दात दाखवले आणि टेबलावरून खाली उतरून दाराशी जाऊन उभा राहिला.

पैलवानाने खुंटीवरचा टॉवेल काढून पुढे धरला. मास्तरांनी तो घेतला, साहेबाजवळ जाऊन गुडघ्यांवर बसले आणि त्याच्या हनुवटीवरची लाळ पुसायला लागले.

“त्याच्यासाठी नाही दिला, काका,” पैलवान त्यांच्या गालांकडे बघत हळूच म्हणाला. “तुमच्यासाठी आहे.”