शेंदूर लावलेला खांब

आपल्या प्रत्येकाच्या ऑफिसात, सोसायटीत नाहीतर शाळेत एक तरी माणूस असं असतं, जे प्रेमाने म्हणतं, "अहो, नमस्कार करायला तुमचं काय जातं?" भिलाईतल्या मुलींच्या एका खो-खो मंडळात ते माणूस म्हणजे सत्यभामाबाई.

बाई वाईट नव्हत्या, हे आधीच सांगायला हवं. माहेर भंडाऱ्याकडचं, नवरा भिलाईच्या स्टील प्लांटमध्ये रोलिंग मिलला. स्वतः एके काळी विद्यापीठाच्या संघातून खेळलेल्या. गेली अकरा वर्षं प्लांटच्या वसाहतीतल्या सेक्टरच्या मैदानावर त्या पोरींना शिकवत होत्या, तेही एक पैसा न घेता. कुणी उपाशी आलेली दिसली की डब्यातल्या पोळ्या तिच्या हातात. कुणाच्या बापाने खेळ बंद केला की त्याच्या दारात जाऊन बसायच्या, हो म्हटल्याशिवाय उठायच्या नाहीत.

खोड एकच. खो-खोच्या मैदानाला दोन टोकांना दोन लाकडी खांब असतात. तीन वर्षांपूर्वी जिल्ह्याच्या फायनलआधी घाबरलेल्या बाईंनी पूर्वेकडच्या खांबाला हळद-कुंकू वाहिलं, आणि संघ जिंकला. झालं! पुढच्या वर्षी नारळ आला. त्याच्या पुढच्या वर्षी स्पीकरवरची आरती आली. आणि यंदा फायनल मंगळवारी आली म्हणून बाईंनी वाटीत तेल घेऊन त्यात शेंदूर कालवला. ओवाळायला लागलं की थांबायचं कुठे, हे आपल्याकडे कुणी शिकवत नाही.

पोरी आपापल्या परीने निभावून न्यायच्या. हिरा डोळे मिटून मनापासून आरती म्हणायची. टीनाचे आजोबा केरळातून प्लांटच्या नोकरीला आलेले; ती सगळ्यांसोबत टाळ्या वाजवायची आणि नंतर बुटाची लेस बांधायच्या निमित्ताने वाकून छातीवर क्रूस करायची. सगळ्यांना माहीत होतं, कुणी बोलत नव्हतं. लपून केलं की चालतं, असा एक न बोललेला करार आपण सगळीकडेच केलेला असतो.

नूतन रामटेके तेवढी लपत नव्हती. खुर्सीपारच्या वस्तीतली पोरगी, घर बौद्ध. आरती सुरू झाली की दोन पावलं मागे, मान खाली घालून शांत उभी राहायची. टिळा लावायला कुणी आलं की हसून नको म्हणायची. सामना सुरू होण्याआधी आजीने शिकवलेलं वंदन ओठांतल्या ओठांत म्हणायची, तेवढंच.

बाईंना ते खुपायचं. त्यांनी एकदा विचारलंही, "कावून गं, सगळ्याइचे हात जोडल्या जातात, तुयेच कावून नाही?"

"आमी घरी नाही करत, मॅडम," नूतन म्हणाली. "खेळात काही कमी करून राहिली असन तं सांगा."

खेळात कमी काय असणार! खांबावरून सूर मारावा तो नूतननेच. धावत यायचं, एका हाताने खांब धरायचा, सगळं अंग जमिनीला समांतर झोकून द्यायचं आणि पळणारीला गाठायचं. हा डाव मंडळात दुसरीला जमतच नव्हता. बाईंना हे पुरतं माहीत होतं. तरीही त्या दिवसापासून घरी नवऱ्याशी बोलताना नूतनचं नाव निघालं की त्या म्हणायच्या, पोट्टी गुणी आहे पण घमेंड आहे.

नूतनचं ज्युनियरमधलं हे शेवटचं वर्ष. यंदा राज्याच्या निवड-चाचणीत तिची वर्णी लागली, राष्ट्रीय स्पर्धेचं प्रमाणपत्र हातात पडलं, तर रेल्वेच्या खेळाडू कोट्यात तिला अर्ज करता आला असता. आईबाप नसलेल्या नातीला आजीने, गयाबाईने, प्लांटमध्ये ठेकेदाराकडे झाडलोट करून वाढवलेलं. त्या घरात तो कागद म्हणजे सगळंच होतं.

फायनल घरच्याच मैदानावर झाली. पंच खांब बघून गेले, आणि त्यानंतर बाईंनी पूजा मांडली. कमरेच्या उंचीपर्यंत खांब तेलकट शेंदराने माखला. त्यांचं मन भरून आलं होतं.

पाचव्या मिनिटाला नूतन त्या खांबाकडे धावली, हात टाकला, अंग झोकलं आणि हात सटकला. उजव्या मनगटावर सगळं वजन घेऊन ती पडली. हाडाचा आवाज पहिल्या रांगेतल्यांनी ऐकला.

बाई सगळ्यांच्या आधी पोहोचल्या. पोरीचा हात उचलून पाहिला तर तळवा केशरी, तेलकट. पोरींनी तिला उचलून बाहेर नेलं. बाई मात्र खांबापाशीच थांबल्या. डोक्यावरचा पदर हातात घेतला आणि खांब पुसला. वरून खाली, दोनदा. गर्दी नूतनकडे बघत होती, त्यांच्याकडे कुणी पाहिलं नाही.

मंडळाचे अध्यक्ष केवलरामजी, प्लांटमधून फोरमन म्हणून रिटायर झालेले, मैदानाच्या कडेला उभे होते. ते मोठ्याने बोलले नाहीत, पण ऐकू जाईल अशा आवाजात बोलले, "देवाले पाठ दाखवल्यावर अजून काय होईल?"

ते वाक्य मैदानभर फिरलं. दोन गुणांनी सामना गेला, तोवर ते वाक्य पक्कं झालं होतं. बाईंनी ते ऐकलं आणि पदराचं टोक मुठीत घट्ट धरून ठेवलं.

मनगटाला प्लास्टर पडलं, चार आठवड्यांचं. चाचणी सहा आठवड्यांवर होती. डॉक्टर म्हणाले, जपून खेळता येईल. पण नावं पाठवायची तारीख त्याच आठवड्यात होती, आणि त्यासाठी केवलरामजींच्या अंगणात मीटिंग बसली. कुणी नूतनला शिव्या दिल्या नाहीत. सगळे तिच्याबद्दल चांगलंच बोलले. पोरगी हुशार आहे, गरीब आहे, सगळं खरं. पण बाकीच्या पोरींच्या मनात भय बसलं आहे, आणि टीम म्हटली की मनं एक पाहिजेत. कुणीतरी अपशकुन हा शब्दही काढला, अगदी हळू, जसं आजाराचं नाव काढतात.

यादी लिहायची होती सत्यभामाबाईंनी. एका वाक्याचं काम होतं. शेंदूर मी लावला, तेलाने तिचा हात सटकला. बाईंनी ते वाक्य मनात चारदा जुळवलं. मग मनात आलं, लोक म्हणतील बाईने खांबाला तेल फासलं, मंडळाला हरवलं. मग मनात आलं, देवाच्या शेंदराला दोष द्यायचा म्हणजे पाप. भीती आणि भक्ती इतक्या एकमेकींसारख्या दिसतात की कोणती बोलते आहे ते त्यांनाच कळेना. त्यांनी बारा नावं लिहिली. त्यांत नूतन नव्हती.

प्लास्टर निघाल्यावर नूतन मैदानावर आली. डाव्या हाताने उजवं मनगट चोळत तिने चाचणीची तारीख विचारली. बाई म्हणाल्या, "आता पुढच्या वर्षी पाहू."

पुढचं वर्ष नव्हतं, हे दोघींनाही ठाऊक होतं. नूतनने कारण विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं, असं बाईंना नंतर कितीदा तरी वाटलं. ती "बरं मॅडम" म्हणाली आणि निघून गेली.

बाईंचं जेवण तुटलं. मंगळवारचा उपास सोडताना घास तोंडात फिरायला लागला. शेवटी एका रविवारी दुपारी डाळिंबं घेऊन त्या खुर्सीपारला गेल्या.

नूतन घरी नव्हती. मैदानावरून परतली त्याच आठवड्यापासून सुपेल्याच्या बाजारात एका कापडाच्या दुकानात लागली होती. गयाबाईने खाटेवरची गोधडी झटकली, बाईंना बसवलं, पाणी दिलं. बाईंनी पाणी न पिताच सांगायला सुरुवात केली. शेंदूर, तेल, केशरी तळवा, पदर. सांगून झालं आणि त्यांना रडू आलं.

गयाबाई रडली नाही. म्हणाली, "मले माहीत आहे, बाई. दवाखान्यात तिचा हात मीच धुतला. साबणानं निघे ना."

बाईंच्या हातातला पेला तसाच राहिला. "मंग तुम्ही बोलल्या कावून नाही?"

"मी बोलणारच होती. पोरगीच म्हणे, आजी, चूप राहा. आपण तोंड उघडलं तं म्हणतील, हे लोक देवाले नाव ठेवतात. हात मोडला तं मोडला, वस्तीत राहणं आहे अजून आपल्याले."

बाहेरच्या गल्लीत कुणीतरी नळावर घागर घासत होतं. बाईंनी काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, की त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं, टीम एक राहावी एवढंच होतं. सगळ्यांनी एका मनाने, एका रीतीने देवाचं नाव घ्यावं, एवढाच हेतू.

"एक कशी राहते टीम?" गयाबाईने विचारलं. "मी दोरीच्या भायेर उभी राहून चार वर्षं पाह्यला तुमचा खेळ. मले नियम नाही समजत. पण आठ पोरी रांगेनं बसतात, एकीचं तोंड इकडं, दुसरीचं तिकडं. हो का नाही?"

"हो."

"समद्याइचं तोंड एकाच बाजूले केलं, तं मागच्या बाजूनं पळणारीले कोण धरन? तुम्ही पोरीइले तोंडं फिरवून बसवता तेव्हाच तुमचा खेळ होते नं, बाई? मंग देवाच्या टायमालेच एका बाजूले तोंड करा असं कावून?"

बाईंनी अकरा वर्षं पोरींना ती रांग बसवायला शिकवली होती. शेजारणीचं तोंड पलीकडे असलं म्हणजे ती आपल्या विरुद्ध नसते, ती आपली पाठ सांभाळत असते, हे त्यांचंच वाक्य. दरवर्षी पहिल्या दिवशी त्या नव्या पोरींना तेच सांगायच्या.

"तुमच्या देवाशी माह्या नातीचं भांडण नव्हतं," गयाबाई म्हणाली. "त्यानं तिले पाडलंही नाही. तुम्ही मात्र त्याच्या नावावर टाकून दिलं. त्याच्यासाठी तरी खरं सांगा. मले नका सांगू, मले सांगून काय होते? मैदानात सांगा." मग तिने डाळिंबांची पिशवी उचलून बाईंच्या हातात दिली. "आणि हे घेऊन जा. पोरीनं पाह्यलं तं विचारन, कायचे म्हणून."

दुसऱ्या दिवशी सकाळीच बाईंनी राज्य संघटनेच्या माणसाला फोन लावला. तो सज्जनपणे बोलला. म्हणाला, मॅडम, यादी बंद होऊन महिना झाला, आता माझ्या हातात काही नाही.

संध्याकाळी सरावाच्या वेळी पोरी, चार-पाच पालक आणि केवलरामजी जमले होते. बाईंनी त्या पूर्वेकडच्या खांबापाशी उभं राहून सगळं सांगितलं. पदराने खांब पुसल्याचंही सांगितलं.

केवलरामजी कासावीस झाले. "आता कायले उकरता, ताई? झालं ते झालं."

"झालं नाही, भाऊ, केलं. माया हातानं केलं. आणि तुम्ही देवाचं नाव घेतलं तेव्हा मले आवडलं, कारण मायं नाव वाचलं."

केवलरामजींनी मान खाली घातली. मग सगळ्यात धाकटी मोना, जिला अजून खांबापर्यंत पोचताही येत नव्हतं, तिने हात वर केला. "मॅडम, तो अब नूतन दीदी को वापस लेंगे ना?"

बाईंना त्या पोरीकडे बघून नाही म्हणावं लागलं. अकरा वर्षांत मैदानावर त्यांनी इतकं कठीण काही केलं नव्हतं.

त्या दिवसापासून मंडळात एक बदल झाला. सामन्याआधी दोन मिनिटं शांततेची. ज्याला जे म्हणायचं ते त्याने म्हणावं, नसेल म्हणायचं तर श्वास घ्यावा. खांबाला हात लागेल तो फक्त खेळाडूचा. हिरा अजून डोळे मिटून आरती म्हणते, मनातल्या मनात. टीना आता उभ्यानेच क्रूस करते. बाईंचा मंगळवारही चालू आहे, पण घरात, देवघरापुढे.

महिनाभराने बाई सुपेल्याला त्या दुकानात गेल्या. नूतन वरच्या फळीवरचे तागे डाव्या हाताने काढत होती. बाईंना बघून तिने नीट नमस्कार केला. ऐकलं होतं तिने सगळं. म्हणाली, "चांगलं केलं, मॅडम. लहान पोरींचं तरी बरं झालं."

बाईंनी खूप काही ठरवून आणलं होतं. सीनियरमध्ये खेळ, मी स्वतः शिकवते, दुकानमालकाशी मी बोलते. नूतनने सगळं ऐकून घेतलं. मागे दुसरं गिऱ्हाईक उभं होतं. मग तिने काउंटरवर दोन तागे ठेवले आणि विचारलं, "तुमाले सुती दाखवू का सिंथेटिक?"

बाईंनी सुती म्हटलं. ती मीटर घेऊन मापायला लागली. उजवं मनगट मध्येच थांबत होतं.

तर मंडळी, आपली पूजा आपल्या घरात कितीही मोठी असू द्या, पण मैदान, ऑफिस आणि शाळा सगळ्यांची. तिथे दुसऱ्याच्या कपाळाशी आपला टिळा नेऊ नये, आणि जो शांत उभा आहे त्याला घमेंडखोर म्हणू नये. हा धडा तसा सोपा आहे. दोन मिनिटांच्या शांततेत बसतो. अवघड आहे तो दुसरा. आपल्या हातून झालेली चूक देवाच्या नावावर टाकू नका. देव काही तक्रार करत नाही, पण त्याची शिक्षा भोगायला कुणीतरी गरीब घरचं लेकरू आपण शोधूनच काढतो. आणि मग केव्हातरी आपल्याला खरं बोलायचं धैर्य येतं, आपलं मन हलकं होतं, लोक आपल्याला चांगलंही म्हणतात. त्या लेकराची तारीख मात्र निघून गेलेली असते.