आधी घरची कुत्री

पातेल्यावरचं झाकण खडखडलं आणि दुपारची शांतता मोडली. धावत जाऊन गॅस बंद केला. लेक, इरम, जागी झाली नव्हती, म्हणजे अजून अर्धा तास माझा. पुन्हा यादी घेऊन बसले.

एकशे अठरा कुत्री. रविवारी चौसाळ्याजवळ आसारामकाकांच्या पडीक रानात स्पर्धा. कापडी पुडकं लांब गवतात फेकायचं, कुत्र्यानं ते हुडकून, न चावता मालकाच्या हातात आणून द्यायचं. माझ्या नवऱ्यानं, हारिसनं, ही सुरू केली तेव्हा नऊ कुत्री होती. मागच्या साली अठ्ठावीस. हिवाळ्यात हायवेवरच्या अपघातात हारिस गेला, आणि यंदा कुणीतरी त्याच्या स्पर्धेचा व्हिडिओ गावोगाव पाठवला. एका पंचाला दिवसभरात साठाच्या वर कुत्री बघणं होत नाही. दुसरा पंच मिळेना, आणि सोमवारी काका रानात ट्रॅक्टर घालणार.

धर्मराजभाऊ आले. हारिसचे दोस्त, यंदा स्पर्धेचं सगळं आम्ही दोघंच बघतोय.

"भाभी, गेवराईच्या एकानं पाच लिवलीत. कुत्री हायत का कोंबड्या?"

"मालकामागं एकच ठेवू."

तसं केलं तरी त्र्याऐंशी उरली.

"आता चिठ्ठ्या टाकायच्या," मी म्हणाले, "पण त्याआधी..."

वहीच्या पहिल्या पानावर हारिसचं अक्षर होतं. नावं जास्त झाली तर आधी आपल्या घरची कुत्री बाहेर, मग चिठ्ठ्या.

"माझा शेरू काढा," भाऊ म्हणाले. "हारिसचा बादल राहू द्या. कोण काय म्हणतंय?"

"गेवराईवाले म्हणतील."

"म्हणू द्या की! धा सालाचा झालाय त्यो. फुडल्या साली पळतोय व्हय?"

मला ते माहीत होतं. बादलचा मागचा पाय आताच ओढतो. हारिस गेल्यापासून इरम रोज संध्याकाळी अंगणात पुडकं फेकते. त्याच्याच जुन्या पँटचं मी शिवलेलं. बादल आणायचा, पण हारिस जिथं उभा राहायचा तिथं, नळापाशी, नेऊन ठेवायचा. गेल्या शुक्रवारी पहिल्यांदा त्यानं ते इरमच्या हातात दिलं. तीन दिवस ती गल्लीभर सांगत होती.

मी पेन उचलला. शेरूवर रेघ मारली. मग बादलवर. भाऊ उठून गेले.

मान वर केली तर दारात इरम. केस विस्कटलेले.

"बादलला कावून खोडलं, अम्मी?"

तिला जवळ घेतलं, वहीतलं वाचून दाखवलं. "अब्बूचा नियम आहे, बेटा."

"अब्बूनं आधी कुणाला काढलं होतं?"

"कुणालाच नाही. तेव्हा एवढी नावं येतच नव्हती."

त्या अक्षरांवरून तिनं बोट फिरवलं. बराच वेळ.

"मंग अब्बू असते, तर त्यांनी बादलला काढलं असतं?"