भुईसपाट आत्याचं भाषण

आमच्या घरात कुणी नव्या इमारतीचं कौतुक केलं की आत्या विचारते, "पडायला कशी आहे?"

इमारती पाडणं हा आमचा घरचा धंदा. आजोबांनी घण घेऊन सुरू केला, आत्याने यंत्रं आणली, तिचा धाकटा भाऊ म्हणजे माझे बाबा ती चालवतात, आणि मी घरातला शिकलेला असल्यामुळे धूळ उडाली की शेजाऱ्यांची माफी मागतो. आत्याला सगळं गाव भुईसपाट आत्या म्हणतं. तोंडावर म्हणतं. तिला ती पदवी वाटते.

आमच्यात एक रीत आहे. जी इमारत पाडायची, तिच्यात आधी सगळ्यांनी बसून जेवायचं. ओळखपाळख नसताना कुणाला पाडणं हा उद्धटपणा, असं आजोबांचं मत होतं. जेवता जेवता आत्या भिंतींकडे बघून निदान करते. "ही नुसती फुगलीये." "ही बिचारी कधीची वाट बघतेय."

तर, भर बाजारातलं जुनं तारघर पाडायचं की ठेवायचं यावरून गावात दोन तट पडले. व्यापाऱ्यांना तिथे गाड्या लावायला जागा हवी होती. इतिहासाच्या निवृत्त सरांना आणि त्यांच्या मंडळाला तारघर हवं होतं. निकाल नगरपालिकेने बोलावलेल्या जाहीर सभेत, सगळ्यांच्या मतांनी लागणार होता, आणि पाडायचं ठरलं तर काम आमचंच होतं.

आत्याचं ते शेवटचं काम ठरणार होतं. तिचे गुडघे हल्ली तिच्याआधी बोलायला लागले होते. आयुष्यभर तिने पुष्कळ पाडलं, पण नाव घ्यावं असं त्यात काही नव्हतं. "लोकांनी बोट दाखवून म्हटलं पाहिजे," ती म्हणायची, "तारघर पाडलं ते हिने."

रीतीप्रमाणे आम्ही डबे घेऊन तारघरात गेलो. आत्याने घास तोंडात ठेवूनच भिंतीवर हातोडी हाणली. हातोडी उलटली, तिच्या हातून सुटली आणि थेट बाबांच्या डब्यात पडली.

"धाकट्या, बघितलंस?"

"ताई, माझी भाजी..."

"भाजीचं काय घेऊन बसलास! कसं परतवलं बघ. जागचं न हलता!"

मग तिने हात धुतले आणि त्या भिंतीवरून असा हात फिरवला, जसा तिने माझ्या डोक्यावरून कधी फिरवला नाही.

सभेच्या दिवशी सभागृह तुडुंब भरलं होतं. सर आधी बोलले. इतकं हळुवार बोलले की त्यांच्याच मंडळातल्या दोघांना डुलकी लागली. मग व्यापाऱ्यांचे पुढारी, चपलांचे दुकानदार, उठले. "कसलं जतन करताय? मोडकळीला आलंय ते. फुंकर मारली तरी पडेल!"

शेजारची खुर्ची करकरली. आत्या उभी होती.

"फुंकर?" ती म्हणाली. "फुंकरीने पडणारी इमारत मी शेवटचं काम म्हणून घेईन? मला काय समजलात?"

अध्यक्षीणबाईंनी तिला माईक दिला. खरं तर गरज नव्हती.

"नवे मजले मी नुसता आवाज चढवला तरी तडकतात. हे तारघर माझ्या हातोडीला ओळखसुद्धा दाखवत नाही! दगडाला दगड असा बसलाय की मध्ये नख जात नाही. कमान बघितलीत? एवढं ओझं डोक्यावर, पण तोंड वाकडं नाही. हे ज्यांनी उभं केलं त्यांनी रोजचं काम म्हणून केलं आणि घरी जाऊन जेवले. आज कुणाच्या बापाला जमेल? माझ्या बापालाही जमलं नसतं!"

टाळ्या पडल्या. आत्या आणखी खुलली. मी तिची बाही ओढली.

"आत्या, आपण पाडायच्या बाजूचे आहोत."

"माहितीये मला. म्हणून तर सांगतेय. पैलवान तगडा असल्याशिवाय कुस्तीला काय मजा?"

आणि तिने पायापासून छपरापर्यंत सगळं तारघर गायलं. सर स्वतःचे कागद बाजूला ठेवून तिचं ऐकत होते. मतं मागितली तेव्हा ठेवायच्या बाजूने पहिला हात चपलांच्या दुकानदारांचा वर गेला. "आपल्या गावात असलं काही आहे, हे मला कुणी सांगितलंच नाही," ते पुटपुटले.

तारघर राहिलं. आत्या खाली बसली.

"मी वाईट बोलले का रे?"

"फार चांगलं बोललीस. तोच घोळ झाला."

तिने पुढच्या खुर्चीवर बोटाने दोनदा ठोकलं. आमच्या घरात असं ठोकणं फक्त काहीतरी कोसळायच्या आधी असतं. मग ती पुन्हा उठली.

"ठेवा तारघर. त्याचा मानच आहे तो. पण उद्या कुणी म्हणायला नको, की आम्हाला झेपलं नसतं. दारावर पाटी लावा."

मजकुरावरून घासाघीस झाली. अध्यक्षीणबाईंना मध्ये 'कदाचित' हवं होतं. आत्या हटेना. शेवटी सरच तिच्या बाजूने उभे राहिले. म्हणाले, बाई खोटं बोलत नाहीत, हे आपण आत्ताच ऐकलं.

आता तारघराच्या दारावर पितळी पाटी आहे: 'ही इमारत आम्ही पाडू शकलो असतो.' खाली आमच्या धंद्याचं नाव. येणारेजाणारे थांबतात, दोनदा वाचतात आणि मग मान वर करून भिंतीकडे नीट बघतात.

आत्याने काम सोडलं. बाबा मात्र कुणालाही तिची ओळख करून देताना अजून छाती काढून सांगतात, "ही माझी मोठी बहीण. तारघर पाडलं नाही, ते हिने."