टॅक्टरची राखण

लालासाहेबाची झोप उडाली, तशी ती सगळ्या घराचीच उडाली.

शालूबाईला वाटायचं, नवरा लढाईवरनं धडधाकट परत आला खरा, पण येताना दुसरी लढाई सोबत घेऊनच आला. ही दुसरी लढाई मळ्यातल्या पत्र्याच्या छपरात उभी होती. मागची दोन चाकं माणसाच्या छातीइतकी उंच, पुढची दोन बारकी, आणि नाकाडासारखं लांबलचक इंजन. लालासाहेब आणि वडूजकडचा नाथाजी पलटणीत एकाच तुकडीत ड्रायव्हर होते. सुटून आल्यावर दोघांनी मिळून पुण्याच्या लष्करी लिलावात हा ट्रॅक्टर घेतला होता. चार जोड्या बैल जुंपून दिवसभरात जेवढं रान उलथायचं, तेवढं हे धूड न्याहारीच्या आत उलथून टाकायचं. पलूसच्या बाजारात लोक त्याच्या गोष्टी सांगायचे. न बघितलेलेच जास्त सांगायचे.

पहिलं वर्ष कौतुकात गेलं. मग शेजारच्या आप्पासोंच्या विहिरीवर चोरी झाली. चोरांनी इंजनाचा चामडी पट्टा तेवढा कापून नेला. कुणाच्या तरी पायतानांचे तळ झाले असतील म्हणून गाव हसलं. लालासाहेब हसला नाही. पुढं एका सकाळी ट्रॅक्टरची हत्यारांची पेटी गेली आणि त्याच्या डोक्यात जे शिरलं ते निघेना.

त्यानं छपराला भिंती घातल्या. भिंतीभोवती बाभळीच्या काट्यांचं कुंपण केलं. चाकातनं साखळदंड ओवून तो लिंबाच्या बुंध्याला जखडला. एवढ्यानंही भागेना, तसा तो रोज काम संपलं की इंजनाचा मॅग्नेटो काढून घरी आणायला लागला. नारळाएवढा तो भाग. ठिणगी पाडायचं काम त्याचं. तो नसेल तर कितीही हँडल मारा, यंत्र जागचं हलायचं नाही. धोतराच्या फडक्यात गुंडाळलेला मॅग्नेटो उशाशी घेऊन लालासाहेब पडायचा. कुत्रं भुंकलं की उठायचा, भुंकायचं थांबलं तरी उठायचा.

शालूबाईचा भाऊ एकदा भेटायला आला. त्यानं कौतुकानं ट्रॅक्टरच्या स्टेअरिंगच्या चक्राला हात लावला, तर लालासाहेबानं त्याच्या देखत साखळी आवळून कुलूप घातलं. भाऊ पाणीसुद्धा न पिता गेला.

त्या दिवशी शालूबाई पहिल्यांदा तोंड उघडून बोलली. "आवं, माझा भाऊ चोर हाय व्हय?"

"म्या कुठं म्हनलं?"

"म्हनायचं काय राह्यलंय आता? अशानं एक दिस मी बी चोर ठरीन."

लालासाहेब कुलूप ओढून बघत राहिला. त्यानं 'न्हाई' म्हटलं नाही, हे तिच्या मनात राहिलं.

सत्तेचाळीस सालचा उन्हाळा. चैत सरत आला होता. छपराला लाकडी दार होतं, ते लालासाहेबाला पुरेनासं झालं. सांगलीत एका लोहाराकडून तो लोखंडी फाटक करून घेणार होता. आपण समोर उभं राहिलो नाही तर लोहार पत्रा पातळ वापरील, म्हणून फाटक होईस्तोवर तिथंच मुक्काम करायचा असं ठरलं. जाताना त्यानं मॅग्नेटो जोंधळ्याच्या कणगीत खोल पुरला आणि कुलपाची किल्ली बायकोच्या हातात दिली.

"कुनी बी येऊ दे. माझा बा सरगातनं आला, तरी हात लावू द्यायचा न्हाई. टॅक्टर नजरंआड करायचा न्हाई. समजलं?"

"समजलं," शालूबाई म्हणाली. मनात म्हणाली, जा एकदाचे, जरा डोळा तरी लागंल.

पण डोळा लागला नाही. किल्ली कनवटीला होती आणि तिला ती टोचत होती. भाकरी थापताना ती उठून मळ्याच्या वाटेकडं बघायची. कुणी अनोळखी माणूस बांधानं गेला की जीव वरखाली व्हायचा. सासू अंबूबाई म्हणाली, "अगं, तुला बी लागलं का काय ते ह्याचं खूळ?"

दुसऱ्या दिवशी दुपारी पलूसच्या बाजूनं दोन माणसं चालत आली. पुढं एक उंच, काटक गडी, खाकी पँट घातलेला. मागं डोक्यावर पदर घेतलेली, उन्हानं रापलेली बाई. नाथाजी आणि त्याची बायको मनुबाई.

नाथाजीनं पाणी घेतलं, अंबूबाईच्या पायाला हात लावला आणि सरळ विषयाला हात घातला. "वैनी, लाल्या कुठाय?"

"सांगलीला गेल्यात. फाटक करायला."

"कसलं फाटक?"

शालूबाईनं सांगितलं. नाथाजी ऐकत राहिला. त्याचा चेहरा हळूहळू बदलत गेला. "म्हंजे ह्यो आता लोखंडात कोंडनार व्हय? आन मी दोन डाव सांगावा धाडला, तवा म्हनं रस्ता खराब हाय, म्हनं वाटंत चोर हायती. वैनी, बोली काय झाली हुती? एक हंगाम हितं, एक हंगाम तितं."

शालूबाईला बोली ठाऊक होती. ती झाली तेव्हा ह्याच सोप्यात तिनं दोघांना वाढलं होतं.

"मी चोरी कराय आलो न्हाई," नाथाजी म्हणाला. "पर आज टॅक्टर घिऊनच जानार."

तो उठून छपराकडं निघाला. शालूबाई मागोमाग धावली आणि दाराला पाठ लावून उभी राहिली. "भावजी, मला सांगून गेल्यात. मी उघडनार न्हाई."

"अर्धा माझा हाय."

"असंल. पर किल्ली माझ्यापाशी दिलीया."

नाथाजीनं फळ्यांच्या फटीतनं आत बघितलं. जाणता माणूस. इंजनाच्या बाजूची रिकामी जागा त्याच्या लगेच ध्यानात आली. तो मागं सरला. रागापेक्षा वाईट असं काहीतरी त्याच्या तोंडावर आलं.

"मॅग्नेटो काढलाय," तो बायकोला म्हणाला. "माझ्यासाठीच काढलाय बघ. लढाईत आमी दोघं एका ताटात जेवलोय."

"तुमच्यासाठी न्हाई वं," शालूबाई म्हणाली. "सगळ्यांसाठीच. त्यांना मानूसच दिसंना झालंय."

तेव्हा मनुबाई पुढं झाली. इतका वेळ ती नवऱ्याच्या मागं उभी होती. "बाई, आमी बैलं इकली. वैरन न्हवती, आन टॅक्टर येनार म्हनून भरवसा हुता. आता रान दगडावानी पडलंय. गेल्या पंधरवड्यापास्नं मी आन जाऊबाई कुदळीनं खनतोय." तिनं तळहात पुढं केले. फोड फुटून, सुकून, पुन्हा फुटलेले ते हात. "पावसाच्या आत नांगरट न्हाई झाली, तर औंदाची पेर गेली. खोटं बोलत आसंन तर माझं डोळं जातील."

शालूबाई त्या हातांकडं बघत राहिली. तिला वाटलं, किल्ली ह्या बाईच्या हातात द्यावी आणि घरात जाऊन दार लावून घ्यावं. मग वाटलं, नवरा आल्यावर काय सांगायचं? 'नजरंआड करायचा न्हाई' म्हणाला होता. ती घरात गेली, बाहेर आली, पुन्हा आत गेली. अंबूबाई जात्यावर बसली होती. तिनं दळणं थांबवलं.

"आत्याबाई, काय करू?"

"मला काय इचारती? किल्ली तुझ्यापाशी हाय." म्हातारी जरा थांबून म्हणाली, "त्यानं सांगितलंया राखायला. तर राख. हितंच राखायचा असं कुठं म्हनलाय त्यो?"

शालूबाईनं कणगीत कोपरापर्यंत हात घातला.

तिनं आपल्या हातानं कुलूप काढलं, साखळदंड सोडला; नाथाजीनं मॅग्नेटो बसवला, तारा जोडल्या. छपरातल्या डब्यांतलं रॉकेल भरलं, मागं नांगर अडकवला. आणखी रॉकेल त्यानं परमिटावर घेऊन घरी ठेवलं होतं. काट्यांचं कुंपण बाजूला झालं. हँडल मारताच यंत्र खोकलं, धुरकटलं आणि धडधडायला लागलं. शालूबाईनं भाकरी फडक्यात बांधल्या, पदर कमरेला खोचला आणि मडगार्डवर चढून बसली.

"वैनी, तुमी कुठं?"

"तुमी नांगरा. मी राखते."

दुसऱ्या मडगार्डवर मनुबाई बसली. ट्रॅक्टर मळ्यातनं बाहेर पडला तेव्हा आप्पासो बांधावर तोंड उघडं टाकून उभे होते.

घराबाहेर इतक्या लांब ती कधी गेली नव्हती. पण रस्ता तिनं बघितलाच नाही. तिचं सगळं ध्यान चाकांकडं आणि माणसांकडं. विट्याच्या वेशीत गर्दी जमली. पोरं-बाप्ये चहूबाजूंनी चिकटले. कुणी चाक दाबून बघतंय, कुणी टाकीवर थापटी मारतंय. एक म्हातारा इंजनाजवळचं पितळी टोपण बोटांनी फिरवायला लागला. शालूबाईनं वरनंच त्याच्या हातावर फटका मारला.

"हात काढा, आजोबा!"

म्हातारा दचकला. "अगं, बघत हुतो पोरी."

"डोळ्यानं बघा."

मनुबाई हसायला लागली. शालूबाईला हसू आलं नाही. आपला आवाज आपल्यालाच ओळखू आला नाही तिला. तो हुबेहूब नवऱ्याचा आवाज होता. मारलेला हात तिनं पदराखाली घेतला. भाऊ पाणी न पिता गेला तो दिवस आठवला. तो चक्राला हात लावताना असंच झालं असेल का ह्यांना? वस्तू आपली म्हटली की प्रत्येक हात चोराचाच दिसतो?

मायणीत देवळाच्या ओवरीत मुक्काम पडला. नवराबायको आडवी झाली तशी घोरायला लागली. शालूबाई चाकाला पाठ लावून बसून राहिली. दुसऱ्या दिवशी ते वडूजपलीकडच्या माळाला पोचले.

रान खरंच दगडासारखं होतं. पहिल्या तासाला, रानाच्या पहिल्याच फेरीत, नांगर नुसता खरवडत गेला. नाथाजीनं फाळ खाली दाबला, इंजन गुरगुरलं आणि मग तांबूस ढेकळं उलथी व्हायला लागली. मनुबाईनं एक ढेकूळ उचलून नाकाशी नेलं. शालूबाई बांधावरच्या बोराटीच्या तुटपुंज्या सावलीत बसली. इंजनाचा आवाज माळाच्या टोकाला जाऊन बारीक झाला की ती उभी राहायची, जवळ आला की बसायची.

लालासाहेब आला तो सायकलवर. फाटक तयार झालं, ते घेऊन घरी आला तर छपरच रिकामं. आईनं जे सांगितलं त्यातलं निम्मंच ऐकून तो निघाला होता. धुळीनं माखलेला, डोळे तांबारलेले. सायकल फेकून तो बायकोवरच आला.

"किल्ली कुनाला दिलीस?"

"कुनालाच न्हाई." तिनं कनवटीची किल्ली काढून दाखवली. "मी उघडलं. मीच संगं आले. नजरंआड केला न्हाई."

"मला इचारलं न्हाईस."

"तुमाला इचारलं आसतं तर तुमी काय म्हनला आसता, ते मला ठाव हाय. नाथाभावजीला बी ठाव हाय. म्हनून त्यो ह्या डावाला सांगावा न धाडता सोता आला."

नाथाजीनं इंजन बंद केलं आणि ढेकळं तुडवत आला. दोघं मित्र समोरासमोर उभे राहिले. लालासाहेबाच्या मुठी वळल्या.

"चोरा!" तो म्हणाला.

"चोर तू," नाथाजी म्हणाला. "माझा हंगाम चोरलास. बैलं इकून बसलो तुझ्या शब्दावर. ह्या बाईचं हात बघ."

मनुबाईनं हात मागं लपवले. लालासाहेबानं तरी ते बघितले. त्याच्या मुठी सुटल्या. मग तो ट्रॅक्टरकडं चालत गेला. शालूबाईला वाटलं, आता हा चढणार आणि तसाच घरी घेऊन जाणार. नाथाजीलाही तसंच वाटलं असावं. तो दोन पावलं पुढं झाला. लालासाहेबानं वाकून इंजनावर कान ठेवला, मग फाळाजवळ गेला.

"फाळ वाकवलास की रं, गाढवा. इतका खोल दाबत्यात व्हय पहिल्याच तासाला?"

"तू शिकव की मग."

"हातोडा आन."

दोघांनी शिव्या देत देत फाळ ठोकला. मैत्री जुळली असं काही शालूबाईला वाटलं नाही. पण लालासाहेब ट्रॅक्टरवर बसला आणि सांजेपर्यंत त्यानं नाथाजीचं रान नांगरलं.

बायकोशी तो दोन दिवस बोलला नाही. तिसऱ्या दिवशी बांधावर भाकरी खाताना म्हणाला, "तू मला इचारायला पायजे हुतं."

"व्हय," शालूबाई म्हणाली. "पायजे हुतं. आन तुमी बी माझ्या भावाची माफी मागाय पायजे."

त्यानं चटणी बोटानं गोळा केली. "जाऊ की," तो म्हणाला. "आधी हितलं होऊ दे."

पण घरी ऊस तहानला होता, पाण्याची पाळी आली होती. उरलेली नांगरट नाथाजीवर सोपवून जायचं ठरलं. पावसाआधी तोच ट्रॅक्टर आणून पोचवणार होता. सायकल टपावर टाकून दोघं वडूजच्या सर्व्हिस मोटारीत बसली. मोटार हलली आणि लालासाहेब मागं वळून बघायला लागला. धुळीशिवाय काही दिसत नव्हतं.

"नाथ्या रातीचा कुठं लावील टॅक्टर?" त्यानं विचारलं.

"अंगनात म्हनाला."

"अंगनाला कुंपन हाय?"

"न्हाई."

तो चुळबुळला. पुढच्या थांब्यावर मोटार उभी राहिली तशी त्यानं दांडा धरला. "उतरू का? तू हो म्होरं. मी येतो मागनं."

शालूबाईच्याही जिवाला चैन नव्हती. इंजनाचा तो बारका आवाज अजून तिच्या कानात होता. कधी जवळ, कधी लांब. तिलाही उतरावंसं वाटत होतं. तिनं नवऱ्याचं मनगट धरलं.

"बसा," ती म्हणाली. "मी बी बसलेच हाय की."

मोटार सुटली. तो बसला, पण दांड्यावरचा हात त्यानं काढला नाही, आणि तिनंही त्याचं मनगट सोडलं नाही.