उंबऱ्यावरचा एडका

अ‍ॅटलास डोंगरातल्या आमच्या खोऱ्यात सगळ्यात जास्त शिकलेला माणूस म्हणजे माझा धाकटा भाऊ अद्दी. त्याचं नाव निघालं की हल्ली माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

खालच्या गावातल्या निवासी शाळेत तो उपमुख्याध्यापक आहे. तिथेच इत्तो शिकते, माझ्या शेजारणीची लेक. बाप बर्फात गेला, आई अंथरुणाला खिळलेली. वरचं राखीव कुरण उघडतं त्या दिवशी घरटी त्याच घरच्या रक्ताचा एक माणूस कळपासोबत हजर लागतो, नाहीतर त्या घराची जागा गेलीच. मग मेंढ्यांनी उन्हाळाभर खायचं काय, दगड? म्हणून इत्तो वर आली, जागा धरली, कळप मामाच्या हवाली केला आणि शाळेत परतली. तर शाळा म्हणते, हजेरी भरत नाही, चंबूगबाळं आवर. हजेरीचं नुसतं निमित्त हो. शाळेला शिक्षण कचेरीतल्या साहेबांपुढे शंभर टक्के निकाल ठेवायचा होता, म्हणून जिची खात्री नाही ती पोर परीक्षेआधीच घरी.

मी अद्दीला गाठलं. म्हटलं, "तिला परीक्षेला बसू दे."

"ताई, ते हेडमास्तरांच्या हातात आहे. आणि खरं सांगू? जिला शिकायचंय तिने मेंढ्या सोडायला हव्यात. मी नाही सोडल्या?"

"तू कुठं सोडल्यास? तुझ्या मी राखल्या. म्हणून तू शिकलास."

तो घड्याळ बघायला लागला.

बोलून भागत नाही तेव्हा आमच्याकडे एकच वाट उरते. ज्याच्याकडे मागणं आहे त्याच्या उंबऱ्यावर जनावर कापायचं. उंबऱ्याला रक्त लागलं की त्या माणसावर 'आर' पडला. त्याने मागणं ऐकायचं, आणि ते मान्य होईपर्यंत त्या मांसाला कुणी शिवायचं नाही. हे आमच्याकडे शेंबडं पोरही जाणतं. इत्तोच्या आईने तिचा एकुलता एडका काढून दिला. आम्ही शेजारीपाजारी तो घेऊन खाली शाळेत उतरलो. हेडमास्तर कचेरीतल्या पाहुण्यांना आणायला गेले होते. दारात अद्दी उभा होता, त्याच्या डोळ्यांदेखत एडका कापला.

"हेडमास्तरांना सांग, इत्तोसाठी आर टाकलाय," मी म्हटलं. मान हलवून तो आत गेला. बाकीचे परतले, मी फाटकाशी बसून राहिले.

दुपारी आतून मांस शिजल्याचा वास आला. मी उठले ती थेट जेवणघरात शिरले. कचेरीतले साहेब बसलेले, मुली रांगेने बसलेल्या, प्रत्येकीपुढे मांस. इत्तोचं गाठोडं दाराशी बांधून ठेवलेलं. तिने भाकरीला हातही लावला नव्हता.

"या मावशी, बसा," हेडमास्तर अरबीत म्हणाले. "गावाने आम्हाला एडका भेट दिला म्हणे. अद्दींनी सांगितलं. फार मोठं मन तुमचं."

बाजारहाट करून मला थोडी अरबी येते. भेट हा शब्द मला पक्का कळतो. मी अद्दीकडे बघितलं. त्याच्या हातात भाकरीचा तुकडा होता.

"खा ना," मी आमच्या भाषेत म्हटलं. "तुला ठाऊक आहे ना हे काय आहे? मग खा."

"ताई, पाहुण्यांसमोर तमाशा नको," तो पुटपुटला. तेसुद्धा अरबीत. माझ्याशी, जिने त्याला बोलायला शिकवलं.

तेवढ्यात इत्तो उभी राहिली. अरबीत, अडखळत, शब्द शोधत, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली. "सर, ही भेट नाही. माझ्या आईने एडका तुमच्या उंबऱ्यावर कापायला लावलाय. माझ्यासाठी. मला परीक्षा द्यायचीय."

हेडमास्तरांचा हात तोंडापाशी थांबला. शहरातला माणूस, पण आर म्हणजे काय हे त्याच्याही घरच्यांनी त्याला शिकवलं असणार. त्यांनी घास खाली ठेवला.

"उंबऱ्यावर?" त्यांनी अद्दीला विचारलं. "आणि ते तू मला खायला घातलंस?"

"सर, अडाणी लोकांच्या समजुती आहेत या. मला वाटलं, आपण शिकलेली माणसं..."

हेडमास्तरांनी त्याला पुढे बोलू दिलं नाही. ते इत्तोला म्हणाले, "गाठोडं सोड. तू परीक्षेला बसतेस." भीतीने म्हणाले की लाजेने, मला काय करायचंय? पण तो परका माणूस जागचा हलला, आणि माझा भाऊ ढिम्म.

मी निघाले तसा अद्दी फाटकापर्यंत मागे आला. "ताई, मी तिचं भलंच बघत होतो. तिनेही माझ्यासारखं पुढे जावं म्हणून."

"अद्दी," मी म्हटलं, "कुरण उघडतं तेव्हा तुझ्या घराच्या नावाने दरवर्षी मी उभी राहते. लोक विचारतात, अद्दी कुठाय? मी अभिमानाने सांगते, तो शिकतोय, तो शिकवतोय. यंदाही सांगितलं. पुढच्या वर्षी मी फक्त माझ्या घरासाठी उभी राहणार. तुझी जागा हवी असेल तर तुझं तू ये."

"मला रजा कोण देणार?" तो म्हणाला.

"इत्तोला विचार," मी म्हटलं, आणि डोंगराची वाट धरली.