दुसऱ्या पिळणीचा चरक

मी उसाचा रस काढणारा चरक आहे. केळव्याच्या समुद्रकिनाऱ्यावर सुरूच्या झाडांखाली हिरव्या कापडाची एक रसाची गाडी उभी असते. मी त्या गाडीवर असतो. मित्रांनो, सुट्टीच्या दिवशी आईबाबांबरोबर तिकडे आलात तर मी तुम्हाला दिसेनच. माझा रंग उडाला आहे आणि मोटार खरखरते आहे. पण माझ्यातून निघालेलं चिपाड हातात घेऊन पिळून पाहा, थेंब पडणार नाही. या एका गुणापायी माझं फार कौतुक झालं, आणि याच गुणापायी एक भाऊ-बहीण एकमेकांना दुरावले. त्यांचीच हकिगत मला सांगायची आहे.

माझा जन्म बोईसरचा. तिथे कारखान्यांच्या मागच्या गल्लीत एक लहानसं वर्कशॉप होतं आणि कृष्णकांतदादा तिथे लेथवर काम करायचे. ते पालघरजवळच्या माहीमचे, तिथल्या पानवेलीच्या वाडीत वाढलेले आणि अजूनही तिथेच राहणारे. त्यांची धाकटी बहीण पुष्पलता लग्न करून बोईसरलाच आली होती. तिच्या नवऱ्याचं, धीरजचं, कारखान्यातलं कंत्राटी काम सुटलं, तेव्हा नवराबायकोने उसाच्या रसाची गाडी लावायचं ठरवलं. दादा म्हणाले, "मशीन बाजारातून आणू नका. मी बनवून देतो."

बाजारातल्या चरकाला पोलादी लाटांची, म्हणजे गोल फिरणाऱ्या रुळांची, एकच जोडी असते. ऊस एकदा चिरडला की रसवाला ते चिपाड दुमडतो, त्यात लिंबू-आलं घालतो आणि हाताने पुन्हा लाटांमध्ये सरकवतो. दादांकडे असे चरक दुरुस्तीला यायचे. ते घेऊन येणाऱ्या काही माणसांची बोटं अपुरी असायची. दादा आधी त्या हातांकडे बघायचे आणि मग मशीनकडे.

त्यांनी मला लाटांच्या दोन जोड्या दिल्या, एक वर आणि एक खाली. वरच्या जोडीतून निघालेलं चिपाड पत्र्याच्या उतारावरून घसरत आपोआप खालच्या जोडीत जाई आणि तिथे त्याची दुसरी पिळणी होई. पण चिपाड मोठं लबाड असतं. दाब सुटला की ते फुगतं आणि बाहेर पडलेला रस पुन्हा पिऊन टाकतं. पहिल्या चाचणीत तसंच झालं. मग दादांनी खालच्या लाटांवर तिरप्या खोल चऱ्या पाडल्या. चिपाड फुगायच्या आधी रस त्या चऱ्यांतून खाली वाहून जाऊ लागला. शेवटी त्यांनी खालच्या जोडीपुढे लोखंडी पट्ट्यांची एक जाळी नटबोल्टांनी घट्ट बसवली आणि बहिणीला बोलावलं.

"पुष्पे, आता ऊस फक्त वरून घालायचा. चिपाड आपलं आपण खाली जाईल. तुजा हात तिथं जायची गरजच नाय."

पुष्पलतेने घोटभर रस चाखला आणि हसली. "दादा, लई गोड निघतोय रे."

"गोडाचं सोड. ही जाळी काडायची नाय. रस एक गलास कमी आला तरी चालंल. कळलं?"

"कळलं."

मित्रांनो, मला घडवलं ते रसासाठी नव्हे, त्या हातासाठी. हे फक्त आम्हा तिघांना ठाऊक होतं.

कामगारांच्या रस्त्यावर शैलाताईंचं शिवणकामाचं दुकान होतं. त्याच्या शेजारी आमची गाडी लागली आणि त्यांच्याच दुकानातून माझ्या मोटारीला वीज आली. कारखान्याची पाळी सुटली की माणसांचा लोंढा यायचा. पुष्पलता सराईतपणे ऊस घालायची. लहानपणी वाडीत पानं खुडून त्यांच्या जुड्या बांधलेली तिची बोटं होती ती, त्यांना थांबणं ठाऊक नव्हतं. गर्दी नसली की ती माझ्या बाजूच्या बाकड्यावर मुलीला, रिद्धीला, पुढ्यात घेऊन तिच्या दोन वेण्या घालायची. रिद्धी कुरकुरायची, ती दटावायची. मला ते ऐकायला फार आवडायचं.

माझं नाव झालं. धीरज गिऱ्हाइकांसमोर माझं ताजं चिपाड उचलायचा आणि मुठीत करकचून पिळायचा. त्यातून काहीच गळायचं नाही. "बघितलं? थेंब नाय राहिला!" लोक टाळ्या वाजवायचे. त्या वेळी मलाही अभिमान वाटायचा.

पण लोकांची जीभ एकदा चटावली की गर्दी वाढतच जाते. उन्हाळ्याच्या गर्दीत जाळीमध्ये उसाचे धागे अडकू लागले. धागे आंबले की माश्या यायच्या. साफ करायचं तर पाना घेऊन सगळे नट सोडवावे लागत आणि तोवर गिऱ्हाईक शेजारच्या गाडीवर जाई. एका दुपारी धीरजने जाळी काढली आणि परत लावली नाही. तो म्हणाला, "संध्याकाळी लावू."

संध्याकाळी त्याच्या ध्यानात दुसरंच आलं. खालची जोडी आता मोकळी होती. माझ्यातून निघालेलं चिपाड दुमडून तिथेच हाताने पुन्हा घातलं तर तिसऱ्यांदा पिळलं जात होतं. थोडा रस अजून येत होता. फार नाही, पण येत होता.

"दादानं सांगितलंय ना, काडायची नाय म्हणून," पुष्पलता म्हणाली.

"तुजा दादा इथं उन्हात उभा राहतो का? गिऱ्हाईक मागतंय तर आपण देयाचं."

आणि गिऱ्हाईक मागत होतंच. उत्तरेकडून आलेले कामगार पुढे वाकून माझ्याकडे बोट दाखवायचे, "भाभी, एक बार और घुमाओ ना. अभी बहुत रस है इसमें." पुष्पलता चिपाड दुमडायची, खालच्या लाटांपाशी न्यायची. पहिल्या दिवशी तिची बोटं दुरूनच मागे फिरली. पुढे पुढे ती जवळ येऊ लागली. भीती हळूहळू जाते, मित्रांनो, आणि ती गेल्याचं आपल्याला कळतही नाही.

कृष्णकांतदादा अधूनमधून यायचे. येण्याआधी फोन करायचे. फोन आला की धीरज एका नटावर जाळी अडकवून ठेवायचा. दादा रस प्यायचे, माझ्या लाटांना तेल घालायचे आणि जाळीवरून हात फिरवून समाधानाने जायचे. त्यांची पाठ वळली की जाळी पुन्हा गाडीच्या मागे जायची. धुतलेले ग्लास निथळायला ती चांगली होती. पुष्पलता हे सगळं पाहायची आणि भावाला अवाक्षर सांगायची नाही. सांगितलं तर दादा मशीन उचलून नेतील आणि नवराही बिथरेल, हे ती ओळखून होती.

ज्याची भीती होती ते भरदुपारी झालं. पाळी सुटली होती, गर्दी उसळली होती. पुष्पलता एका हाताने ग्लास भरत होती आणि दुसऱ्या हाताने चिपाड घालत होती. तिची मान गिऱ्हाइकाकडे वळलेली होती. रसाने चिकट झालेलं चिपाड बोटांना धरून राहिलं. दादांनी पाडलेल्या त्या खोल चऱ्या एकदा पकडलेलं सोडत नाहीत, त्यासाठीच तर त्या पाडल्या होत्या. चिपाड आत गेलं. पाठोपाठ तिचा उजवा हात आत ओढला गेला.

ती किंकाळी मी अजून विसरलो नाही. मला थांबायचं होतं. पण वीज येत राहिली तर यंत्र थांबत नाही. धीरज ग्लास टाकून नुसताच ओरडत राहिला. शैलाताई कात्री फेकून धावल्या आणि त्यांनी भिंतीतली वायर उपटली. मग मी थांबलो. तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. पुष्पलतेच्या उजव्या हाताची तीन बोटं डॉक्टरांना वाचवता आली नाहीत.

माझ्यावर ताडपत्री टाकण्यात आली. आतून मी लोकांचं बोलणं ऐकत होतो. जो तो विचारायचा आणि धीरज सांगायचा, "मशीननं हात खाल्ला तिचा. मेव्हण्यानं घरच्या घरी बनवलेली वस्तू ती. बाजारातलं घेतलं असतं तर असं झालंच नसतं." पहिल्यांदा हे सांगताना त्याचा आवाज चाचरत होता. पुढे तो ठणठणीत झाला. सांगून सांगून त्याला स्वतःलाही ते खरं वाटू लागलं असावं. मी काही खाल्लं नव्हतं, मित्रांनो. माझ्या तोंडावरचं झाकण कुणी काढलं, हे एकानेही विचारलं नाही.

विचारलं ते फक्त दादांनी. पुष्पलता दवाखान्यातून घरी आल्यावर एका सकाळी ते गाडीपाशी आले. ती शैलाताईंच्या दारात स्टुलावर बसली होती, हाताला मोठं बँडेज होतं. धीरज चार ओळखीच्या गिऱ्हाइकांबरोबर उभा होता. दादांनी ताडपत्री सारली, माझ्याकडे पाहिलं, मग वाकून गाडीच्या मागून जाळी बाहेर काढली. तिच्या पट्ट्यांवर ग्लासांच्या बुडांच्या गोल गोल खुणा उमटल्या होत्या. रंग जागजागी झिजला होता.

"पुष्पे, ही कदी काडली?"

तिने आधी नवऱ्याकडे पाहिलं. गिऱ्हाइकंही तिच्याकडेच पाहत होती.

"त्याच दिवशी," ती म्हणाली. "साफ करायला काडली होती."

"त्याच दिवशी?"

"हो."

दादांनी त्या गोल खुणांवरून अंगठा फिरवला. ते लेथवरचे माणूस, लोखंड किती दिवसांत किती झिजतं हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. जाळी त्यांनी हळूच जमिनीवर ठेवली आणि चालू लागले. पुष्पलतेने "दादा" अशी हाकसुद्धा मारली नाही. तिचे ओठ हलले होते, ते मी पाहिलं.

त्यानंतर बोईसरभर बोललं जाऊ लागलं की कृष्णकांतचं मशीन हात ओढून घेतं. पालघरच्या एका रसवाल्याला माझ्यासारखाच चरक हवा होता, तो नको म्हणाला. सातपाटीकडचा आणखी एक विचारून गेला होता, तो फिरकलाच नाही. दादांनी पुन्हा चरक बनवला नाही. ज्या यंत्रात हात घालावाच लागू नये, असं यंत्र त्या माणसाला सुचलं होतं. ते त्याच्या नावाला बट्टा लावून संपलं. सणावाराला ते बहिणीकडे येईनासे झाले. शैलाताई एकदा पुष्पलतेला म्हणाल्या, "अगं, तू तरी खरं सांगून टाक त्यांना." ती म्हणाली, "आता सांगून माजा हात परत येणार हाय का? संसार तेवढा मोडंल." शैलाताईंनी मान खाली घालून पुन्हा मशीनवर शिवण धरली.

मग धीरजने मला विकलं. केळव्याचे नरहरीकाका मला घ्यायला आले. पूर्वी ते होडीवर जायचे, गुडघे दुखू लागले म्हणून किनाऱ्यावर धंदा शोधत होते. त्यांनी खालच्या लाटांकडे पाहून विचारलं, "ही पुडनं अशी मोकळीच?"

"मोकळीच बरी," धीरज म्हणाला. "रस जास्त येतो."

ज्याच्या घरात तीन बोटं कमी झाली होती, त्याच्या तोंडून मी हे ऐकलं. टेम्पो निघाला तेव्हा पुष्पलता तिथे नव्हती.

किनाऱ्यावरची खारी हवा मला मानवली नाही, पण नरहरीकाका माणूस मायाळू. रोज मला गोड्या पाण्याने धुतात. मात्र गिऱ्हाईक म्हणालं की चिपाड दुमडून खाली घालतातच, आणि गिऱ्हाईक रोज म्हणतं.

गेल्या माघात पुष्पलता केळव्याला आली. इथल्या देवीच्या दर्शनाला आली असावी, कपाळावर कुंकू होतं. बरोबर रिद्धी होती, उंच झालेली. तिचे केस मुलासारखे कापलेले होते. घरात आता वेणी घालणारा हात नव्हता. गाडीसमोरून जाता जाता पुष्पलता थबकली. तिने मला ओळखलं. नरहरीकाकांनी सवयीने ऊस घातला, चिपाड दुमडलं आणि खाली नेलं.

"काका, हात मागं घ्या!"

ती इतक्या जोरात ओरडली की आजूबाजूची माणसं वळून पाहू लागली. काका दचकले, मग हसले. "अगो बाय, भिऊ नको. मला सवय हाय."

पुष्पलतेने पदराखाली लपवलेला उजवा हात बाहेर काढला आणि त्यांच्यापुढे धरला. काकांचं हसू मावळलं.

"याच मशीनमदी गेला," ती म्हणाली. "पण मशीन चांगलं हाय, काका. माज्या दादानं बनवलंय. पुडं जाळी होती. ती आमी काडली. लई दिवस काडून ठेवली होती. मी दादाला खोटं सांगितलं. त्याची काय चूक नवती."

जे वाक्य माहीमच्या घरी जाऊन सांगायचं होतं, ते तिने एका अनोळखी माणसाला सांगितलं. तिचा भाऊ तिथून जवळच्याच गावात होता. त्याच्या कानावर ते गेलं नाही. पुढे ती तिकडे गेली की सरळ बोईसरला परतली, मला ठाऊक नाही. तिने डाव्या हातात ग्लास घेतला, दोन घोट प्यायली आणि उरलेला रस रिद्धीला दिला.

"उद्याच जाळी बसवून घेतो," नरहरीकाका मनापासून म्हणाले.

तो माघ होता. आता वैशाख चालू आहे. उन्हाळ्याची गर्दी आहे, वेल्डिंगवाला पालघरला असतो, आणि काकांना वेळ मिळत नाही.

मित्रांनो, मला बोलता येत नाही, तुम्हाला येतं. रसाच्या गाडीपुढे उभे राहाल तेव्हा चिपाडाकडे बोट दाखवून "काका, अजून एकदा पिळा" असं म्हणू नका. तो शेवटचा घोट तुम्ही विसरून जाल. यंत्रापुढे जाळी आहे का ते आधी पाहा. नसेल तर विचारा, आणि जाळी बसेपर्यंत त्या गाडीवरचा रस घेऊ नका. नरहरीकाकांना तुमचा राग येईल, येऊ द्या. त्यांची दहाही बोटं अजून शाबूत आहेत.